धुणं होतं, पण ड्रायर उचलत नाही

प्रश्न : आमच्याकडे दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. धुण्याचा टब व्यवस्थित चालतो, पण ड्रायर दर पावसाळ्यात दगा देतो. उन्हाळाभर काही तक्रार नसते आणि एकदा झड लागली, घरभर दोऱ्या बांधायची वेळ आली, की नेमका तेव्हाच बंद. यंदा टायमर फिरवला की नुसता घूं असा आवाज येतो, टब हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, मोटर गेली. शेजारचे म्हणतात, दमट हवेनं होतं. खरं काय? आणि पावसाळ्यातच का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : आधी ‘पावसाळ्यातच का’ हे पाहू, कारण अर्धं निदान तिथेच आहे. माझ्या मते तुमचा ड्रायर श्रावणात बिघडत नाही. तो चैत्र-वैशाखात बिघडतो, तुम्हाला कळतं श्रावणात.

वर्धा जिल्ह्यातला उन्हाळा आठवा. पारा ४५ अंशांकडे जातो, गच्चीवर टाकलेली साडी खाली येऊन चहा पिईपर्यंत कडकडीत होते. अशा दिवसांत ड्रायर लावायचा कोणी? धुण्याचा टब रोज फिरतो आणि शेजारचा लहान टब मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत नुसता उभा राहतो. त्या काळात आत बरंच काही होतं. टबाचा दांडा जिथून खाली मोटरकडे जातो तिथे रबरी सील आणि बुश असतं. त्यात अडकलेलं साबणाचं पाणी सुकतं. विहिरीचं किंवा बोरचं जड पाणी असेल तर पांढरा थर धरतो. शेतातल्या कपड्यांतून आलेली काळी माती त्यात मिसळते. रोज फिरणारा दांडा हा थर बसू देत नाही, उभा राहिलेला त्यात जाम होतो. ब्रेकची तार गंजते. कंडेन्सरला उष्णता मानवत नाही, पत्र्याच्या छपराखालच्या मोरीत त्याचं आयुष्य भराभर सरतं. मशीनची खालची बाजू मोटरला हवा मिळावी म्हणून उघडी ठेवलेली असते. तिथून उंदीर आत जातात, आणि न फिरणाऱ्या मोटरच्या आजूबाजूची जागा त्यांना फार आवडते. मग झड लागते, तुम्ही तीन महिन्यांनी टायमर फिरवता आणि मशीन घूं करून थांबते.

आता त्या ‘घूं’बद्दल. मेकॅनिकने ‘मोटर गेली’ म्हणण्याआधी हा आवाज नीट ऐकला असता तर बरं झालं असतं. आवाज येतो याचा अर्थ प्लग, टायमर आणि झाकणाचा स्विच यांतून वीज मोटरपर्यंत पोचते आहे आणि वाइंडिंगचा निदान काही भाग शाबूत आहे. वीज पोचते, पण मोटर उचलत नाही. विहिरीवरचा सिंगल फेज पंप ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. एक मात्र पाळा : घूं आवाज ऐकायला दोन-तीन सेकंद पुरेत. जाम झालेली मोटर चालू ठेवली की ती ओढते जास्त, फिरत नाही आणि तापते. ‘थोडा वेळ ठेवून पाहू, फिरेल’ म्हणून लोक चांगल्या मोटरी जाळतात. मेकॅनिकचं चुकीचं निदान मग खरं ठरतं.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा.

सगळ्यात आधी अडकलेला कपडा शोधा. फिरणारा टब आणि बाहेरची टाकी यांच्यामधल्या फटीतून रुमाल, पायमोजा, लहान मुलाची चड्डी खाली जाते आणि दांड्याला गुंडाळली जाते. कपड्यांवर ठेवायची जाळीदार चकती बरेच जण पहिल्या महिन्यातच कुठेतरी ठेवून विसरतात. ती चकती कपडे वर उसळू नयेत म्हणूनच असते. टब एका बाजूला दाबून फट मोठी करा, विजेरीने खाली पाहा, टोकाला आकडा केलेल्या तारेने कपडा ओढा. गुंडाळला गेला असेल तर टब हाताने उलटा फिरवत सोडवा. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टब जड फिरेल, ते साहजिक आहे.

कपडा नसेल तर पुढचा संशय ब्रेकवर. चालत्या मशीनचं झाकण उचललं की टब काही सेकंदांत थांबतो, तो याच ब्रेकमुळे. मागचं पॅनल स्क्रू काढून उघडा. ड्रायरच्या मोटरच्या वर, दांड्यावर एक गोल ड्रम दिसेल आणि त्याला स्प्रिंगने टेकणारी पट्टी. झाकण बंद केलं की एक तार ही पट्टी ओढून ड्रमपासून सोडवते. तार सैल पडली, गंजून अडकली किंवा आकड्यातून निसटली, तर झाकण बंद असूनही ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटर त्याच्याशी झगडत घूं करत बसते. घरातल्या कुणाला तरी झाकण उघड-बंद करायला सांगा आणि तुम्ही मागून पाहा. झाकण बंद होताना पट्टी ड्रमपासून स्पष्ट सुटली पाहिजे. सुटत नसेल तर तार एखादं घर ताणून बसवायची. काम पाच मिनिटांचं, खर्च शून्य.

पट्टी सुटते आहे ना? मग झाकण बंदच ठेवून ड्रम हाताने फिरवा. तो सहज फिरून आपल्याच वेगाने थोडा पुढे गेला पाहिजे. करकर वाजत जड फिरला, किंवा फिरलाच नाही, तर सील-बुश जाम आहे. मोटरच्या डोक्यावर पांढरट-गंजके ओघळ दिसले तर खात्रीच समजा, कारण सील फाटलं की साबणाचं पाणी थेट मोटरवर ठिबकतं. दोन थेंब तेल सोडून चालू करायची युक्ती अनेकांना माहीत आहे. मला ती पटत नाही. तेलाने रबर फुगतं आणि गळती वाढते. सील आणि बुश दोन्ही बदलावं. त्यासाठी कपलिंगचे बोल्ट सैल करून टब वर काढावा लागतो. हे काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावं हे बरं.

ड्रम हाताने हलका फिरतो आणि तरीही विजेवर नुसता घूं? मग कंडेन्सर. तुमचं वर्णन वाचून मला सर्वांत जास्त शंका याचीच आहे.

मोटरला कंडेन्सर लागतो कशाला, हे थोडक्यात सांगतो. घरात येणारी वीज सिंगल फेज. एका वाइंडिंगमधून ती नेली तर चुंबकी क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, त्याला कोणतीच दिशा नसते. रोटर थरथरतो, पण इकडे वळू की तिकडे हे ठरत नाही. तो थरथराट म्हणजेच तुमचा घूं. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याच्यातला प्रवाह कंडेन्सर थोडा पुढे-मागे करतो. दोन प्रवाहांच्या या अंतरामुळे क्षेत्र गोल फिरू लागतं आणि रोटर त्याच्या मागे जातो. कंडेन्सर उतरला की दिशा संपली. छताचा पंखा काठीने ढकलल्यावर फिरू लागतो, त्यामागेही हेच कारण. ड्रायरच्या टबावर मात्र तो प्रयोग करू नये. तो मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या घरात फिरतो, आणि हात मनगटापासून पिरगळायला त्याला एक फेरी पुरते.

इथे एक फसगत हमखास होते. ‘धुण्याची बाजू चालते, म्हणजे कंडेन्सर चांगला’ असं मेकॅनिकही म्हणून जातात. बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये एकाच डबीत दोन कंडेन्सर असतात : मोठा धुण्याच्या मोटरचा, लहान ड्रायरचा. डबीवर १० + ५ मायक्रोफॅरड किंवा तसेच काही आकडे छापलेले दिसतील, बाहेर तीन वायर येतात, त्यांतली एक सामायिक. दहाचा अर्धा भाग ठणठणीत आणि पाचचा मेलेला, असं सर्रास होतं. धुणं होतं आणि ड्रायर उचलत नाही, याचा सरळ अर्थ बहुतेक वेळा हाच. कपॅसिटन्स मोजणारा मल्टीमीटर असेल तर एका मिनिटात कळतं. पाचच्या जागी साडेतीन दाखवला तरी तो बदलायचाच.

नवा घेताना जुनी डबी दुकानात न्या. दोन्ही आकडे तेच हवेत आणि व्होल्टेजही तेवढंच, साधारण ४४० लिहिलेलं असतं. ‘जरा मोठा टाकतो, जोर येईल’ असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. मोठ्या कंडेन्सरने दुसऱ्या वाइंडिंगमधून जास्त प्रवाह वाहतो आणि मोटर तापते. वायर काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. जुना कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो, तेव्हा होल्डरमध्ये लावलेल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायर त्याच्या टोकांना टेकवून तो आधी रिकामा करा. उघड्या बोटांनी टोकं धरू नका.

एक कारण मशीनबाहेरचंही आहे. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब घर असेल तर संध्याकाळी दाब किती पडतो ते पाहा. मोटरचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० व्होल्टचे १७० झाले की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ओल्या गोधडीने भरलेला टब त्याला उचलत नाही. सकाळी चालतो आणि रात्री घूं करतो असा ड्रायर असेल तर मशीन उघडू नका. १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवा आणि तोवर टब अर्धाच भरा. बारीक वायरचा लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड हाही दाब खातो.

घूं आवाजसुद्धा येत नसेल, म्हणजे ड्रायर अगदी मुका, तर तपास वेगळा. धुण्याची बाजू चालत असल्याने प्लग-फ्यूजचा प्रश्न मिटला. टायमरची टिकटिक ऐकून फसू नका. त्यात किल्लीचं घड्याळ असतं, ते विजेशिवायही टिकटिकतं. खरी गोष्ट आतल्या संपर्क-पट्ट्यांची. त्या काळवंडतात. झाकणाच्या बिजागरीपाशी, वरच्या पॅनलच्या आत झाकणाचा स्विच असतो, त्याची पातळ पत्ती वाकते किंवा गंजते. मल्टीमीटर बीपवर ठेवून झाकण उघड-बंद करून पाहा : बंद असताना बीप, उघडल्यावर शांत. खालच्या वायरींवर दातांच्या खुणा आहेत का पाहा. उंदरांचा उपाय म्हणजे खाली बारीक जाळी. प्लास्टिकचा पत्रा किंवा पुठ्ठा लावू नका, मोटरला हवा मिळणार नाही. आणि सलग तीन-चार घाणे काढल्यावर ड्रायर मुका झाला, तासाभराने आपोआप चालू झाला, तर मोटरमधल्या तापरोधकाने आपलं काम केलं आहे. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर ब्रेक किंवा बुश घासत असणार.

मोटर खरोखर जळली असेल तर नाकाला कळतं. जळक्या वार्निशचा वास आठवडाभर जात नाही. मीटरवर वाइंडिंग तुटलेलं दिसतं, किंवा प्लग लावताच एमसीबी पडतो. यांतलं काहीच नसताना मोटर बदलायला होकार देऊ नका. मेकॅनिकला इतकंच म्हणा, ‘दादा, आधी नवा कंडेन्सर लावून दाखवा.’

प्रश्न : आमच्या ड्रायरच्या झाकणाचा स्विच खराब झाला होता. मेकॅनिकने ‘डायरेक्ट’ करून दिला. आता झाकण उघडं असतानाही टब फिरतो. चालतं ना?
— एक वाचक, पुलगाव

उत्तर : नाही. आजच प्लग काढा आणि स्विच बसवून घ्या. स्वस्तातला भाग आहे.

हिशेब सांगतो. टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली आणि मिनिटाला १३५० फेरे, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ २४५ पट जोर येतो. पाव किलोचा ओला टॉवेल त्या वेळी साठ किलोंसारखा कडेला दाबला जातो. त्यामुळेच पाणी निघतं. त्याच टबात साडीचा पदर, ओढणी किंवा लेकराचा हात गेला तर मधे थांबवणारं काही उरत नाही. शिवाय झाकण वर असताना ब्रेक टबाला धरून ठेवतो आणि तुमच्या ‘डायरेक्ट’ जोडणीत मोटर त्याच वेळी फिरवायला पाहते. ब्रेकची पट्टीही जाईल आणि मोटरही.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेही अंगावर काढू नका. ओली मोरी, अनवाणी पाय आणि सील गळून भिजलेली मोटर एकत्र आली की मामला जिवावर बेततो. अर्थिंग तपासून घ्या आणि मोरीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

प्रश्न : दुरुस्तीला हजार-बाराशे सांगतात, वर म्हणतात की आता पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या. कुठवर दुरुस्त करत बसावं?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : दोन टबांच्या मशीनबाबत मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे. तिच्यात सर्किट बोर्ड बहुधा नसतोच. दोन मोटरी, दोन टायमर, एक कंडेन्सर, एक पट्टा, काही रबर. कंडेन्सर, सील, ब्रेकची तार हे भाग कंपनीबाहेरही सहज मिळतात. आकार जुळला की झालं. बाहेरचा पत्रा खालून सडला असेल किंवा टाकीलाच तडा गेला असेल, तेव्हा मात्र पैसे घालू नयेत.

किती खर्च करावा याचा एक जुना निकष आपल्या परिसराला ऐकायला आवडेल. गांधीजी वर्ध्याला येण्याच्या काही वर्षं आधी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी पाहिल्या तर आजच्या खरेदीदाराने खिशात ठेवाव्यात अशा : किंमत १५० रुपयांच्या आत, अधूनमधून देखभाल करत यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि बदलायच्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. सगळ्या अटी कोणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत, बक्षीस तसंच राहिलं. दहा-बारा हजारांच्या मशीनला तोच निकष लावला तर वर्षाला पाच-सहाशे रुपये होतात. तीन वर्षांत एकदा हजार-बाराशे मागणारी मशीन त्या अटीत आरामात बसते!

कागदपत्रांचं थोडक्यात. हमीचं कार्ड शेवटपर्यंत वाचा. पूर्ण मशीनची हमी आणि मोटरची हमी वेगवेगळ्या मुदतीची असते, आणि मोटरची हमी दोन्ही मोटरींना आहे की फक्त धुण्याच्या, हे बारीक अक्षरांत दिलेलं असतं. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिल घ्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची सेवा केंद्रं आणि हमीची माहिती एकत्र ठेवण्याचा प्रयत्न आहे. सेवा केंद्र दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, कपडे पूर्ण कोरडे करून देणारा गरम हवेचा ड्रायर घेऊ. वर्ध्यात उपयोग होईल?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि रोज चादरी निघत असतील तर विचार करा. एरवी वर्षातले थोडे झडीचे आठवडे सोडले तर तो कोपऱ्यात उभा राहील, आणि उभ्या राहिलेल्या यंत्राचं काय होतं ते वर आलंच आहे.

विजेचा फरकही मोठा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही असं धरूनही, जवळजवळ पाऊण युनिट लागतं. प्रत्यक्षात साधा हीटरवाला ड्रायर त्याहून जास्त खातो. तेच एक लिटर दोन टबांच्या मशीनने पाच मिनिटांत कपड्यांतून झटकलं, तर साधारण १६० वॅटच्या मोटरला युनिटचा सत्तर-पंचाहत्तरावा भाग पुरतो. म्हणून गरम हवेचा ड्रायर घेतलात तरी कपडे त्यात टाकण्याआधी कसून पिळलेले हवेत. उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारे हीट पंपवाले ड्रायर बरेच कमी खातात, पण ते महाग असतात आणि त्यांची दुरुस्ती फ्रिज-एसी जाणणाऱ्याचंच काम. साध्या ड्रायरला दोन-अडीच हजार वॅट लागतात, तेव्हा १६ अँपिअरचं वेगळं पॉइंट आणि जाड वायर टाकून घ्यावी लागेल. तो बाहेर हवा फेकणारा असेल तर भिंतीला भोकही पाडावं लागेल, नाहीतर सगळी वाफ खोलीतच राहते.

त्याआधी आहे त्या मशीनवर हे करून पाहा. पाच मिनिटं झाली की कपडे बाहेर काढून झटका, पुन्हा सैलसर रचा आणि आणखी पाच मिनिटं लावा. दुसऱ्या फेरीतही बरंच पाणी निघतं, कारण पहिल्या फेरीत मधल्या घड्यांत ते अडकून राहिलेलं असतं. जीन्स आणि टॉवेल एकत्र कोंबू नका. वजन एका बाजूला गेलं की टब टाकीवर आपटतो आणि मोटर ज्या तीन स्प्रिंगांवर उभी असते त्यांतली एखादी तुटते. मग कपडे दोरीवर हातभर अंतराने टाका, पंखा त्यांच्या अंगावर आडवा सोडा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण झडीत उष्णतेपेक्षा कपड्यांपासची ओली हवा हटण्याला जास्त महत्त्व असतं. खोली बंद करून पंखा लावला तर तीच ओली हवा फिरत राहते आणि सकाळी कुबट वास येतो. आणि पुढच्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ड्रायरमध्ये स्वच्छ पाण्याचा एक मग ओतून तो दोन मिनिटं रिकामाच फिरवा.